नवा ड्रायव्हर

सासरे विचारतात, कुठला ड्रायव्हर?
गाडी तर दिवाळीआधीच विकली.
मी म्हणते, पडद्याचा.
ते समजल्यासारखी मान हलवतात
आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरतात.

बुधवारची रात्र. उद्या पाणी बंद,
परवा उशिरा आणि कमी दाबाने,
म्हणून ओट्याखाली बादल्या, पातेली,
शिट्टी हरवलेला कुकरसुद्धा भरलेला.
धायरीत या वेळी जागी फक्त कुत्री आणि मी.

समोर आंबिल ओढा.
कात्रजवरून निळ्या रेघेने उतरतो,
चार महिने मी त्याच्या वळणांत मापं भरतेय:
इथे पात्र नऊ मीटर, इथे सहा,
इथे भिंत, इथे कुणीतरी टाकलेला राडारोडा.
पण नकाशा सरकवला की
ओढा तुटतो.
दांडेकर पुलाच्या जरा अलीकडे आडवी चीर पडते,
वरचा तुकडा पुढे गेलेला, खालचा अजून मागेच,
क्षणभर,
मग जुळतात, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
आता ती चीर मला
मेथी निवडतानाही दिसते.

कार्ड इरफान तांबोळीने आणलेलं,
गेल्या उन्हाळ्यात, तपकीर गल्लीतून, घासाघीस करून.
पंख्यात आधीच्या मालकाच्या घरची धूळ होती,
उदबत्तीचा वास येणारी.
तोच म्हणाला, नवा ड्रायव्हर टाकून बघा काकू,
अडलं तर फोन करा, मी जागाच असतो.
(काकू म्हणाला ते जरा लागलं.)

टाकला.
पांढऱ्या ओळी भरभर वर गेल्या,
एकीत 'सावधान' अशा अर्थाचं काहीतरी होतं,
वाचेपर्यंत निघून गेली,
सुटलेल्या बसच्या पाटीसारखी.
मशीन बंद केलं, चालू केलं.

काळं.
नुसतं काळं नव्हे, मागे दिवा लागलेलं काळं.
वरच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत,
आणि चार महिन्यांचा ओढा
त्या रेघेच्या मागे कुठेतरी.
इरफानने फोन उचलला नाही.
जागाच असतो म्हणे.

मग कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या रांगेतलं तिसरं बटण,
तिन्ही एकदम, पेटीवर सूर धरावा तशी.
पडदा अक्षरांत बोलला: नाव?
शर्वाणी.
पासवर्ड लिहिताना इथे काहीच उमटत नाही,
ठिपकेसुद्धा नाहीत.
वीज गेलेल्या जिन्यात कुलूप उघडावं
तसं बोटांनीच आठवलं.
फाइलींची यादी मागितली.
होता. ओढा, आवृत्ती एकतीस, संध्याकाळी सहा चाळीस.
मी उठले, तांब्याभर पाणी प्यायले,
उद्याच्या हिशोबातलं.

घोळ इतकाच, जुना ड्रायव्हर उतरलाच नव्हता.
दोघं एकाच सीटवर, एकाच स्टिअरिंगला धरून.
जुन्याचं नाव एका छोट्या फाइलीत लिहायचं,
वर शब्द: बंदी.
हात थांबला जरा.
खडखडत का होईना, वर्षभर त्यानेच ओढलं होतं.
लिहिलं.

दीड वाजता पडदा उजाडला.
कात्रजपासून चाक फिरवत खाली आले,
पद्मावती, अरण्येश्वर, पाणी लोण्यासारखं,
कुठे अडखळ नाही, कुठे चीर नाही,
मी मोठ्याने हसले बहुतेक, कुत्रं भुंकलं.

दांडेकर पुलाच्या जरा अलीकडे
चीर होती.
हलवलं, तरी होती.
थांबवलं, तरी होती.
जवळ गेले, आणखी जवळ:
दोन तक्ते जोडताना दीड मीटरने हुकलेली रेघ,
माझ्या हाताची, फेब्रुवारीतली,
त्या दुसऱ्या चिरेच्या आड बसून राहिलेली.
वर्षभर बिचाऱ्याला शिव्या घातल्या,
त्यातल्या निदान एवढ्या तरी माझ्याच नावच्या.

खोडलं. पुन्हा मोजलं. जोडलं.
बाहेर दुधाची गाडी आली तेव्हा
निळी रेघ मुठेला लागली होती.

सासरे उठले, चष्मा शोधत दारात आले.
आला का तो?
आला, म्हटलं.
मग त्यालाही विचार, चहा घेतो का.